पित्ताच्या गोळीनं आग शमते, जंतू मात्र तिथंच!

पीकपाणी आणि बाजारभाव यांचं बोलणं रोजचंच आहे. आज जरा पोटाचं बोलू. पोटापाण्याचं नव्हे, खुद्द पोटाचं.

तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी कुठल्याही मेडिकल दुकानापुढं थोडा वेळ उभं राहा. "पित्ताच्या चार गोळ्या द्या" हे वाक्य हमखास कानावर पडेल. कशासाठी, ते दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. कात्रीनं पाकीट कापलं जातं, पैसे दिले जातात, काम झालं. मग रोज सकाळी चहाआधी एक कॅप्सूल, आणि असं वर्षानुवर्षं. खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी हे पाकीट बाळगणारे दोन-चार जण तुमच्या भावकीतही निघतील. कदाचित तुम्ही स्वतःच त्यातले एक असाल.

आधीच सांगून ठेवतो, ही गोळी वाईट नाही. तिनं लाखो माणसांचं पोटाचं ऑपरेशन टाळलं आहे. पण तिचं काम एकच, जठरातलं आम्ल कमी करणं. दुखण्याच्या मुळाशी जंतू असेल तर त्याला ती मारत नाही. जंतू पोटात असताना ती सालोसाल घेत राहिलात तर जठराची सूज जात नाही, जागा बदलते. आणि तपासणी करायला गेलात तर याच गोळीमुळं जंतू सापडत नाही. एवढं समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

पित्त म्हणजे नक्की काय?

आपल्या बोलण्यात पित्त हा फार मोकळाढाकळा शब्द आहे. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं ठणकून उलटी झाली तरी पित्त, करपट ढेकर आला तरी पित्तच. शरीरातलं खरं पित्त यकृतात तयार होतं. ज्याला आपण पित्त झालं म्हणतो, त्यात बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाचा संबंध असतो. माणसाच्या जठरात दिवसाला साधारण दीड-दोन लिटर रस पाझरतो आणि त्यातलं आम्ल चांगलंच जहाल असतं. ते अन्न पचवायला मदत करतं आणि अन्नपाण्यातून आलेले बरेचसे जंतू जागीच मारतं. जठर स्वतः मात्र भाजत नाही, कारण आतून त्याला बुळबुळीत लेप असतो. शेणानं सारवलेल्या भिंतीसारखं समजा. हा लेप कुठं उखडला की आम्ल थेट कातडीला लागतं, आग पडते, आणि पुढं जखम होते. त्या जखमेला अल्सर म्हणतात.

पूर्वी डॉक्टरांचाही समज असाच होता की तिखट, चिंता, जागरण यांनी आम्ल वाढतं आणि अल्सर होतो. म्हणून सगळा भर आम्ल मारण्यावर. दूध प्या, सोडा खा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जठराचा तुकडा कापून काढा. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडीन नावाची गोळी बाजारात आली. ते औषध शोधणाऱ्या कामाचा पाया घालणारे जेम्स ब्लॅक यांना पुढं १९८८ साली नोबेल मिळालं. १९८१ साली रॅनिटिडीन आलं. १९८८ साली ओमेप्राझोल आलं. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याचीच भावंडं. नावाच्या शेवटी 'प्राझोल' दिसलं की एकाच घरातलं समजायचं. पाकिटावर पुढं 'डी' असेल तर त्यात बहुधा डॉमपेरिडोन हे उलटी थांबवणारं औषधही मिसळलेलं असतं.

या दोन घराण्यांतला फरक विहिरीवरच्या मोटारीवरून कळेल. मोटार चालू करायला तीन बटणं आहेत असं धरा. सिमेटिडीन, रॅनिटिडीन, फॅमोटिडीन या गोळ्या त्यातलं एक बटण दाबू देत नाहीत. प्राझोल मंडळी बटणाच्या भानगडीत पडत नाहीत, मोटारच जाम करतात. म्हणून त्यांचा जोर जास्त. जेवणाआधी अर्धा तास घ्या असं डॉक्टर सांगतात तेही याचसाठी. जेवणानं आम्लाचे पंप जागे होतात, त्या वेळी औषध रक्तात हजर पाहिजे. जेवून ढेकर दिल्यावर घेतलेल्या कॅप्सूलचा जोर कमी पडतो.

पाच दिवसांचं विरजण

आता गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराची. तिथल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन हे डॉक्टर जठरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काम करत. १९७९ साली त्यांना एका सुजलेल्या जठराच्या तुकड्यावर वाकडेतिकडे जंतू दिसले. मग ते वारंवार दिसू लागले, आणि जिथं जंतू तिथं सूज. इतरांनी ते मनावर घेतलं नाही. एवढ्या जहाल आम्लात जंतू जगणारच नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. १९८१ साली बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला.

जंतू आहे हे सिद्ध करायचं तर तो बशीत वाढवून दाखवावा लागतो. तीसेक रुग्णांचे नमुने झाले, काही उगवेना. प्रयोगशाळेची रीत अशी की दोन दिवसांत वाढ दिसली नाही तर बशी टाकून द्यायची. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली, कामाच्या गडबडीत बशा तशाच राहिल्या. पाचेक दिवसांनी बघतात तर जंतूंचं पीक आलेलं! आपल्याकडं विरजण एका रात्रीत लागतं. या जंतूला चार-पाच दिवस लागतात, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं. शंभर रुग्णांच्या त्या पाहणीत लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेले १३ जण होते. तेराच्या तेरा जणांच्या जठरात हा जंतू निघाला.

तरीही जग ऐकेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी हा जंतू मिसळलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. आधी दुर्बीण घालून आपलं जठर निकोप आहे याची खात्री करून घेतली होती. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास सुरू झाला. दहाव्या दिवशी परत दुर्बीण घातली, तर जठर सुजलेलं आणि जंतू हजर. (आमची विनंती, असलं धाडस कुणी करू नये.) २००५ साली वॉरन आणि मार्शल दोघांना नोबेल मिळालं.

त्या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. डॉक्टर मंडळी थोडक्यात 'एच. पायलोरी' म्हणतात. आम्लात तो तगतो कसा? तर तो जठरातल्या युरियाचा अमोनिया करतो. युरियाचं पोतं भिजलं की जो नाकात जाणारा वास येतो, तोच अमोनिया. हा अमोनिया भोवतालचं आम्ल मारतो आणि जंतू आपल्यापुरतं सुरक्षित कुंपण करून घेतो. मग लेपात शिरून बसतो. एकदा बसला की आपोआप जात नाही, बहुतेकांच्या पोटात तो जन्मभर राहतो.

घाबरून मात्र जाऊ नका. जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात तो आहे. आपल्या देशात प्रमाण त्याहून जास्त भरतं. जंतू असलेल्या बहुतेक सगळ्यांच्या जठराला थोडीफार सूज असतेच, पण शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणांनाच आयुष्यात कधी तरी अल्सर होतो. जठराचा कर्करोग त्याहून कितीतरी थोड्यांना होतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ साली या जंतूला तंबाखूच्या पंक्तीत, म्हणजे कर्करोगाच्या पक्क्या कारणांत बसवलं आहे.

गोळी घेतली, मग परत का होतं?

लव्हाळा तुम्हाला सांगायला नको. खुरपून वावर स्वच्छ केलं तरी गाठ जमिनीत राहते आणि पाणी मिळालं की वर हिरवं दिसतंच. अल्सरचंही तसंच व्हायचं. गोळ्या घेतल्या की सहा-आठ आठवड्यांत जखम भरायची, गोळ्या थांबवल्या की वर्षाच्या आत परत.

याचा सोक्षमोक्ष लावणारा एक प्रयोग ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात झाला, तो १९९३ साली छापून आला. पुन्हा पुन्हा अल्सर होणारे १०४ रुग्ण घेतले. सगळ्यांना आम्ल कमी करणारं रॅनिटिडीन दिलं. निम्म्यांना त्याच्या जोडीला अमॉक्सिसिलीन आणि मेट्रोनिडाझोल ही जंतुनाशक औषधं दिली, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. सहा आठवड्यांनी जखम भरल्याचं प्रमाण पहिल्या गटात ९२ टक्के आणि दुसऱ्यात ७५ टक्के. म्हणजे नुसत्या पित्ताच्या गोळीनंही चारातल्या तिघांची जखम भरली होती. तिथंच थांबलं असतं तर कुणीही म्हणालं असतं की गोळी छान आहे. पण जंतू गेला होता का? जंतुनाशक घेतलेल्यांत ८९ टक्के जणांचा गेला, नुसत्या गोळीवाल्यांत अवघ्या २ टक्क्यांचा. वर्षभर लक्ष ठेवलेल्या रुग्णांत जंतुनाशकवाल्या गटातल्या ८ टक्के जणांना अल्सर परत झाला, नुसत्या गोळीवाल्यांतल्या ८६ टक्के जणांना झाला.

हे आकडे परत एकदा वाचा. ८ आणि ८६. वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळीवर खर्च करणाऱ्या माणसाचा सगळा हिशेब या दोन आकड्यांत आहे.

सूज जागा बदलते

आता थोडं बारकाईचं. जठराचे दोन भाग धरा. वरचा मोठा भाग, तिथं आम्ल तयार होतं. खालचा निमुळता भाग, तिथून अन्न आतड्यात उतरतं. जंतूलाही फार जहाल आम्ल सोसत नाही, म्हणून आम्ल भरपूर असलं की तो खालच्या भागात मुक्काम करतो आणि सूजही तिथंच जास्त राहते.

प्राझोलची कॅप्सूल रोज सुरू झाली की आम्ल घटतं. खालच्या भागातली जंतूंची संख्या कमी होते, तिथली सूज उतरते. पोटाला बरं वाटतं. पण आता वरच्या भागातही आम्लाचा धाक उरलेला नसतो. जंतू तिकडं सरकतो आणि सूज वरच्या भागात चढते. बांध फुटल्यावर खालच्या वाफ्यातलं पाणी ओसरलेलं दिसावं आणि शेजारच्या पिकात तुंबावं, तसा हा प्रकार. वरच्या भागाची सूज वर्षानुवर्षं राहिली तर आम्ल करणाऱ्या ग्रंथी बागेतल्या जुन्या झाडासारख्या वठत जातात. असं वठलेलं जठर हा कर्करोगाच्या वाटेवरचा एक टप्पा मानला जातो.

नेदरलँड्समध्ये छातीत जळजळ होणारे १०५ रुग्ण रोज ओमेप्राझोल घेत होते. स्वीडनमध्ये त्याच दुखण्याच्या ७२ रुग्णांवर गोळीऐवजी शस्त्रक्रिया झाली होती. दोन्हींवर सरासरी पाच वर्षं लक्ष ठेवून १९९६ साली निष्कर्ष छापले गेले. ओमेप्राझोल घेणाऱ्यांत ५९ जणांच्या पोटात हा जंतू होता, त्यातल्या १८ जणांच्या ग्रंथी वठू लागल्या. जंतू नसलेले ४६ होते, त्यात असे दोघेच. शस्त्रक्रिया झालेल्यांत जंतू असूनही कुणाच्या ग्रंथी नव्यानं वठल्या नाहीत.

एकच बाजू सांगणं बरोबर नाही, म्हणून हेही सांगतो की १९९९ साली उत्तर युरोपातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी तीन वर्षांच्या पाहणीत असा फरक दिसत नाही असं मांडलं. ग्रंथी किती वठतात यावर वाद झाला. पण सूज वर सरकते हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून आज तज्ज्ञांचा सल्ला असा, की ज्याला प्राझोल दीर्घकाळ घ्यावी लागणार आहे त्याची जंतूसाठी तपासणी करावी आणि जंतू निघाला तर तो आधी काढावा. जंतू गेल्यावर तीच गोळी घ्यायला ही भीती उरत नाही. ज्याच्या पोटात मुळात जंतूच नाही, त्यालाही ही भीती नाही.

तपासणीला जाताना

ही तपासणी तीन-चार प्रकारे होते. विशिष्ट युरिया पाण्यातून पाजून श्वास तपासतात, शौचाचा नमुना तपासतात, किंवा दुर्बीण घालून जठराचा बारीकसा तुकडा काढतात. तो तुकडा युरियाच्या द्रावात टाकला की जंतू असल्यास पिवळा रंग गुलाबी होतो, वर सांगितलेल्या अमोनियामुळं. रक्ताचीही एक तपासणी आहे, पण जंतू पूर्वी होता की आता आहे हे तिच्यावरून कळत नाही.

पहिल्या तिन्ही तपासण्यांत एक मोठी खोच आहे. तुम्ही सकाळी प्राझोल घेऊन गेलात तर जंतूंची संख्या दबलेली असते, त्यांचं अमोनिया करणं मंदावलेलं असतं, आणि अहवाल येतो 'जंतू नाही'. जंतू असतो, पण दिसत नाही. प्रवासभाडं, तपासणीचे पैसे आणि बुडालेला रोज, सगळं पाण्यात. म्हणून तपासणीआधी दोन आठवडे प्राझोल बंद पाहिजे, आणि कुठलंही जंतुनाशक किंवा बिस्मथ चार आठवडे घेतलेलं नको. मधल्या दिवसांत जळजळ झाली तर पातळ पित्तशामक औषध चालतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. गर्दीत डॉक्टरांनी विचारायचं राहिलं तर तुम्ही आपणहून सांगा, "साहेब, मी रोज ही गोळी घेतो," आणि रिकामं पाकीट दाखवा. नाव लक्षात ठेवायची कटकटच नाही.

पण ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे, किंवा हृदयासाठी ॲस्पिरीन वा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांनी स्वतःच्या मनानं पित्ताची गोळी बंद करू नये. तसंच बरेच महिने घेतलेली प्राझोल एकदम सोडली की काही आठवडे आम्ल उसळी मारतं. त्याला लोक "बघा, गोळीशिवाय राहवत नाही" म्हणतात. ती गोळी सोडल्याची तात्पुरती उसळी असते, हे माहीत असलेलं बरं. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

चौदा दिवसांचा डोस

जंतू निघाला तर औषध साधारणपणे चौदा दिवसांचं असतं. प्राझोल आणि जोडीला दोन जंतुनाशकं, किंवा प्राझोल, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल अशी चार औषधं. इथं कुणी विचारेल, पित्ताची गोळी जंतू मारत नाही म्हणता, मग यात ती कशाला? तर आम्ल जास्त असलं की जंतू मंद पडून राहतो आणि काही जंतुनाशकं आम्लात टिकत नाहीत. आम्ल घटलं की जंतू वाढीला लागतो आणि वाढीला लागलेल्या जंतूवर औषध बरोबर बसतं. पेरणीआधी वावर ओलवून तण उगवू द्यायचं आणि मग वखराची पाळी मारायची, ही युक्ती तुम्ही करताच. पण नुसतं ओलवायचं आणि पाळी मारायचीच नाही, असं कोण करतो? नुसती प्राझोल घेणं म्हणजे तेच.

डोस अर्धवट सोडू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटतं, तोंडाला कडवट चव येते, आणि माणूस गोळ्या फडताळात ठेवतो. कमी मात्रेच्या फवारणीनं अळी कशी पक्की होते ते तुम्ही कपाशीवर पाहिलं आहे. पोटातला जंतूही तसाच पक्का होतो. आपल्याकडं हगवण लागली की मेट्रोनिडाझोल घ्यायची जुनी सवय आहे, त्यामुळं या औषधाला न जुमानणारे जंतू भारतात मोठ्या प्रमाणावर सापडतात. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तसंच होऊ लागलं आहे. म्हणून दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून जंतुनाशकांची जुळवाजुळव करू नका. कुठली जोडी द्यायची ते डॉक्टरांनीच ठरवायचं. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारूचा थेंबही नको, उलट्यांनी हैराण व्हाल. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नये, आणि गरोदर बाई व लहान मुलांना ते देत नाहीत. बिस्मथनं शौच काळी होते, त्याला घाबरू नका. लोहाच्या गोळ्यांनीही होते.

यातलं काहीच चालू नसताना शौच डांबरासारखी काळी, चिकट झाली तर मात्र पोटात रक्तस्राव आहे असं धरा. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर १०८ ला फोन करा, घरगुती उपायात वेळ घालवू नका. वजन विनाकारण उतरणं, घास अडकणं, वारंवार उलटी, अंगात रक्त कमी भरणं, किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं पोटाचं दुखणं, यातलं काही असेल तर पित्ताची गोळी घेत बसू नका. कर्करोग असला तरी या गोळीनं काही दिवस बरं वाटू शकतं, आणि तेच दिवस महागात पडतात.

प्रत्येक जळजळीमागं जंतूच असतो असंही नाही. जेवून लगेच आडवं झाल्यावर छातीत वर चढणारी आंबट जळजळ या जंतूमुळं होत नाही. कंबरदुखीसाठी मनानं घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी जंतू नसतानाही अल्सर होतो, आणि जंतू असेल तर धोका आणखी वाढतो. ऊसतोड, कांदा काढणी, हमाली करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. दुखण्याची गोळी डॉक्टरांनीच दिली असेल तर तिच्या जोडीनं दिलेली पित्ताची गोळी योग्यच आहे, ती टाळू नका. छातीत दाब येऊन घाम फुटला तर ते हृदयाचंही असू शकतं. आणि फवारणी करून आल्यावर मळमळ, पोटात कळ, तोंडाला पाणी सुटलं तर पित्त म्हणून गोळी गिळू नका, ती विषबाधा असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते विसरायला नको. लगेच सरकारी दवाखाना गाठा.

रॅनिटिडीनची जुनी पाकिटं अजून काही घरांत सापडतात. त्या औषधात कर्करोगकारक अशुद्धी आढळल्यानं अमेरिकेनं २०२० साली ते बाजारातून काढायला लावलं आणि आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ साली वगळलं गेलं. घरात असेल तर डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. माळकरी, शाकाहारी मंडळींसाठी आणखी एक. प्राझोल वर्षानुवर्षं घेतल्यानं शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, आणि शाकाहारात ते आधीच कमी असतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

गावानं काय करायचं?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणतील, यात आमचं काय काम? काम आहे. हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो, घरातल्या माणसांकडून, तोंडातून, उलटीतून, अस्वच्छ हातांतून, आणि दूषित पाण्याचीही शंका आहेच. म्हणून टीसीएल पावडर विहिरीत पडली की नुसती रजिस्टरवर पडली, हे बघणं पोटाच्या दुखण्याशीही जोडलेलं आहे. जलसुरक्षकानं ओटी टेस्ट शेवटच्या नळावर करावी, टाकीजवळच्या नळावर नव्हे. अंगणवाडीत आणि शाळेत हात धुवायला पाणी आणि साबण असावा. आईनं घास चावून लेकराला भरवण्याची पद्धत काही घरांत अजून आहे, ती आशाताईंनी गोडीनं सोडवावी.

दुसरं काम शिबिरांचं. गावात आरोग्य शिबिर भरतं, "पोटात जळजळ" म्हटलं की दहा कॅप्सूल हातावर पडतात आणि नोंद बंद होते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे, तो कुणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी. शिबिर ठरवताना ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीनं डॉक्टरांना एवढंच सांगावं, की जे लोक सहा महिन्यांपासून ही गोळी घेत आहेत, ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे, ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांची वेगळी यादी करा. त्या यादीतल्यांना जिल्ह्याच्या सिव्हिलला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीला पाठवा. आणि दोन आठवडे आधी गोळी थांबवायची की नाही, हे प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहून द्या.

चौदा दिवसांचा डोस संपला म्हणजे काम संपलं असं नाही. डोस संपल्यावर किमान चार आठवडे थांबून श्वासाची किंवा शौचाची तपासणी परत करायची असते, जंतू खरंच गेला का ते बघायला. त्याही वेळी आधीचे दोन आठवडे प्राझोल नको. ती तारीख पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.